एअर रायफलच्या पेलेट्स: बॅच कशी निवडायची, डब्यातल्या पेलेट्स कशा निवडायच्या

१० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका जेमतेम ०.५ मिमीचा असतो. पेलेट (शिशाची छोटी गोळी) ४.५ मिमीची, त्यामुळे तिची कड ठिपक्याला टेकली तरी १०.० मिळतो, म्हणजे मध्यापासून २.५ मिमीपर्यंतची चूक खपते. त्याच्या आत मात्र दर पाव मिलिमीटरला एक दशांश गुण जातो. पेलेट्समधला फरक या पाव-अर्ध्या मिलिमीटरच्या खेळात कळतो. सगळेच शॉट आठ-नऊला जात असतील, तर दोष पेलेटचा नाही.

बहुतेक जण आधी वजनकाटा आणतात. तो क्रम उलटा आहे. आधी आपल्या बॅरलला (नळीला) मानवणारी बॅच, म्हणजे कारखान्यातून एका खेपेला निघालेला माल, शोधायची, मग डब्यातल्या चेपलेल्या पेलेट्स काढायच्या आणि वेळ उरलाच तर वजन करायचं.

बॅच टेस्टिंग

डब्यावर पेलेटच्या डोक्याचा व्यास छापलेला असतो: ४.४९, ४.५०, ४.५१ असा. डोकं बॅरलमधल्या खाचांच्या कडांवर टेकून पुढे सरकतं, तर मागचा पातळ स्कर्ट हवेच्या दाबाने फुलून गळती थांबवतो. घट्ट बसणारी पेलेट चांगलीच लागेल असं नाही. त्याच व्यासाची पण दुसऱ्या बॅचची पेलेट वेगळी लागते, कारण साचा बदललेला असतो. म्हणून मित्राला चाललेली बॅच डोळे झाकून घेऊ नका.

तीन-चार बॅचचे लहान डबे आणा. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवा, पण स्टॉकच्या पुढच्या भागावर आणि दर वेळी त्याच जागी. बॅरल किंवा सिलिंडर कशालाही टेकता कामा नये. टार्गेटमागे पेलेट अडवणारा ट्रॅप, डोळ्यांना चष्मा, आणि टार्गेटच्या दिशेला कुणी येणार नाही याची खात्री.

बॅच बदलली की पहिले दहा शॉट मोजायचे नाहीत. आधीच्या पेलेटचा शिशाचा थर बॅरलमध्ये असतो. मग प्रत्येक बॅचचे दहा-दहा शॉटचे तीन ग्रूप मारा; ग्रूप म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या शॉटचा पुंजका. पाच शॉटच्या ग्रूपवर विसंबू नका, तो नशिबानेही छान येतो. अ बॅचचे तिन्ही ग्रूप आधी आणि ब चे नंतर, असंही करू नका. हात थकतो आणि ब फुकट बदनाम होते. आलटून पालटून मारा.

दहा शॉटचं एकच फाटकं भोक झालेलं असेल. कॅलिपरने त्याची बाहेरून बाहेर सर्वांत मोठी रुंदी मोजा आणि ४.५ वजा करा. बाहेरून ८ मिमी आलं, तर ग्रूप ३.५ मिमीचा. पुठ्ठा फाटून कड आत वळली की माप चुकतं, म्हणून टार्गेटमागे कडक पुठ्ठा चिकटवा. तीन ग्रूपची सरासरी पाहा, एकट्या सुंदर ग्रूपच्या प्रेमात पडू नका.

सगळ्याच बॅच उभ्या रेषेत पसरत असतील तर क्रोनोग्राफ (पेलेटचा वेग मोजणारं यंत्र) लावा. दहा शॉटमध्ये वेगाचा फरक ४-५ मीटर प्रति सेकंदाहून जास्त दिसला, तर बहुधा हवेचा दाब सारखा ठेवणारा रेग्युलेटर किंवा गळती रोखणारं सील बघायला हवं. तिथे पेलेट्स बदलून काही साधणार नाही.

डब्यातल्या पेलेट्स निवडणं

बॅच ठरली की पेलेट्स पांढऱ्या मऊ कापडावर हळूच ओता; डबा उपडा करून ठोकू नका. टेबल लॅम्प बाजूने पडू द्या. स्कर्टचं तोंड दिव्याकडे धरलं की चेपलेली कड लगेच दिसते: गोल सावलीला एका जागी सपाट कोपरा येतो. डोक्यावर ओरखडा, शिशाचा बारीक केस, आतमध्ये कीस असेल तर ती पेलेट सरावाच्या डब्यात.

शंका आली तर काच किंचित तिरपी ठेवून पेलेट सोडा. चांगली पेलेट एकसारखं वळण घेत घरंगळते, वाकडी अडखळते. चेपलेला स्कर्ट वाईट, कारण पेलेट बॅरलमधून बाहेर पडताना हवा एका बाजूने आधी निसटते आणि तिला कलती करते.

वजन

काटा १ मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. अर्धा तास आधी चालू करा, पंखा बंद ठेवा, दर वीस पेलेट्सनंतर शून्य तपासा. दोन-दोन मिलिग्रॅमचे गट पुरेत.

यातून किती मिळतं? पेलेट साधारण ०.५३ ग्रॅमची, वेग १७० मीटर प्रति सेकंद. टार्गेटपर्यंत ती सुमारे १७ मिमी खाली येते. ५ मिलिग्रॅम जड पेलेटचा वेग अर्धा टक्का कमी होतो आणि ती आणखी जेमतेम ०.२ मिमी खाली लागते. म्हणजे एक दशांशसुद्धा नाही. गटात न बसणारी फारच हलकी किंवा जड पेलेट मात्र काढाच, तिच्यात ओतकामाचा दोष असू शकतो.

हाताळणी

पेलेट्स शिशाच्या असतात. निवडताना खाणंपिणं नको, नंतर हात साबणाने धुवा, कापड वेगळं ठेवा, डबा मुलांच्या हाती लागू देऊ नका. पांढरी भुकटी धरलेल्या पेलेट्स वापरू नका, फुंकर मारून ती उडवूही नका. निवडलेल्या पेलेट्स खाचांच्या ट्रेमध्ये उभ्या ठेवा; डब्यात खुळखुळत नेल्या तर तासाभराची मेहनत प्रवासातच चेपते. लोड करताना पेलेट बोटाने सरळ आत सरकवा. तिरकी बसलेली पेलेट बोल्टने दाबली की स्कर्ट तिथेच दुमडतो, आणि तो शॉट कुठे गेला याचा उगाच शोध सुरू होतो.