राणीछाप रुपयाचे मोल कसे ठरवावे

घरातल्या जुन्या डब्यातून ब्रिटिशकालीन चांदीचे रुपये निघाले की सर्वप्रथम त्यांचे साल पाहिले जाते. वास्तविक नाण्याच्या वयाचा त्याच्या किमतीशी फार थोडा संबंध असतो. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयावर १८६२ हेच साल पुढे दशकभर छापले जात राहिल्यामुळे ते रुपये आजही विपुल मिळतात, तर कितीतरी नवा असलेला सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा रुपया दुर्मीळ आहे आणि म्हणूनच त्याच्या नकलाही भरपूर आहेत.

आधी धातूचे मूल्य काढावे. १८३५ पासून १९३९ पर्यंतच्या रुपयाचे वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम असून त्यात बारापैकी अकरा भाग चांदी आहे. न झिजलेल्या नाण्यात शुद्ध चांदी साधारण १०.६९ ग्रॅम भरते आणि तिला त्या दिवसाच्या दराने गुणले की किमान किंमत मिळते. १९४० पासून चांदी निम्म्यावर, ५.८३ ग्रॅमवर आली. १९४७ चा रुपया तर निकेलचा असल्याने लोहचुंबकाला चिकटतो.

या किमान किमतीच्या वर किती मिळेल, हे टाकसाळ, दुर्मीळता आणि नाण्याची अवस्था यांवर अवलंबून असते. पाचव्या जॉर्जच्या मुंबईच्या रुपयावर सालाच्या बाजूला तळाशी असलेल्या कमळाच्या फुलाखाली बारीक टिंब असते, कलकत्त्याच्या रुपयावर ते नसते. म्हणून भिंग हवेच. याच राजाच्या १९११ च्या रुपयावर त्याच्या झग्यावरील हत्ती डुकरासारखा दिसतो अशी तक्रार झाल्याने पुढच्या वर्षी चित्र सुधारण्यात आले, आणि त्या ‘डुक्कर रुपया’ला संग्राहक आजही आवर्जून मागणी करतात. झीज पाहताना मुकुट, केस आणि झग्यावरील नक्षी असे उंच भाग तपासावेत. माळेत ओवण्यासाठी कडी डागलेले नाणे, कडी काढून टाकली तरी, संग्राहकाच्या दृष्टीने जवळपास चांदीच्याच भावाचे उरते.

नाणे चिंचेने, राखेने किंवा पॉलिशने कदापि घासू नये. वर्षानुवर्षे चढलेली काळसर छटा जाणकाराला हवी असते. घासून चकाकवलेल्या नाण्याची बारीक नक्षी जाते आणि ती परत येत नाही. नाणे कडेला धरावे आणि पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नये.

ओतीव नकलेची अक्षरे बोथट असतात, पृष्ठभागावर बारीक छिद्रे दिसतात आणि वजन सहसा चुकते. त्यामुळे शंभरांश ग्रॅम दाखवणारा काटा बाळगावा.

किमतीसाठी इंटरनेटवर मागितलेले आकडे पाहू नयेत; लिलावात नाणे प्रत्यक्षात ज्या भावाने विकले गेले, तोच भाव धरावा. ‘जुन्या नाण्याचे लाखो देतो, आधी शुल्क भरा’ अशा जाहिरातींपासून रिझर्व्ह बँकेनेही सावध केले आहे. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते, तेव्हा परदेशातल्या नातेवाइकांना भेट म्हणूनही ते परस्पर पाठवू नये.