एचआयव्ही किटची अचूकता जोखताना या चुका टाळा

नवीन किट आलं की आमच्याकडची पोरं आधी खोक्यावरचा आकडा वाचतात. ९९.५ टक्के! झालं, विश्वास बसला.

जरा हिशेब करा. देशात प्रौढांमधलं एचआयव्हीचं प्रमाण साधारण ०.२ टक्के, म्हणजे लाखात २००. सेन्सिटिव्हिटी (लागण असलेल्यांना पकडण्याचं प्रमाण) आणि स्पेसिफिसिटी (लागण नसलेल्यांना निगेटिव्ह दाखवण्याचं प्रमाण) दोन्ही ९९.५ टक्के धरल्या, तरी लाखात खरे रिॲक्टिव्ह, म्हणजे किटवर लागणीची रेघ उमटलेले, १९९ आणि खोटे ४९९. एका किटवर रिॲक्टिव्ह निघालेल्या दहांपैकी सात जणांना काहीच झालेलं नसतं. म्हणून तर आयसीटीसीत, म्हणजे सरकारी समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, पहिलं रिॲक्टिव्ह आलं की आणखी दोन वेगळी किट लावतात.

सिन्नरकडची एक गरोदर सून नाशिकच्या एका खासगी लॅबमध्ये आली होती. टेक्निशियननं एकाच रॅपिड किटवर 'पॉझिटिव्ह' छापलं आणि कागद सासूच्या हातात दिला. पोरगी त्याच रात्री माहेरी. पुढे आयसीटीसीत दुसरं आणि तिसरं किट नॉन-रिॲक्टिव्ह निघालं, निकाल निगेटिव्ह. जाब विचारला तर पठ्ठ्या म्हणतो, "पेशंटला घाई होती." घाई कोणाला होती ते आम्हाला कळत नाही का? आणि २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं संमती आणि गोपनीयता बंधनकारक आहे, हे याला कोणी सांगितलंच नव्हतं.

दुसरा लाडका घोळ किट पारखतानाचा. तीस निगेटिव्ह नमुने चालवायचे, एकही चुकला नाही की वहीत '१०० टक्के' लिहून मोकळं. अरे, तीसात शून्य चुका म्हणजे खरं चुकीचं प्रमाण दहा टक्क्यांपर्यंतही असू शकतं. तीनला नमुन्यांच्या संख्येनं भागा, वरची मर्यादा अंदाजे कळते. मी तर गडद रेघेचे पॉझिटिव्ह मागे ठेवते आणि फिकट रेघ देणारे आधी लावते. किट तिथंच उघडं पडतं. वाचणाऱ्याला नमुना कोणाचा, हे सांगत नाही. पोरं कुरकुरतात, कुरकुरू देत.

बाकीचं थोडक्यात. चौथ्या पिढीच्या, म्हणजे अँटिबॉडीसोबत विषाणूचा अँटिजेनही शोधणाऱ्या, लॅब तपासणीलाही संसर्ग दिसायला १८ ते ४५ दिवस लागतात. परवाच्या संबंधासाठी आजचा निगेटिव्ह कामाचा नाही. अठरा महिन्यांखालच्या बाळाला अँटिबॉडी तपासणी लावू नका, आईच्या अँटिबॉडी त्याच्या रक्तात असतात, तिथं थेट विषाणू शोधणारी पीसीआर. ठरलेली मिनिटं उलटून गेल्यावर दिसलेली फिकट रेघ वाचायची नाही. आणि कंट्रोलची रेघच उमटली नसेल, तर चाचणी बाद. नवीन स्ट्रिप घ्या.