फाटकावरचा दिवा आपोआप लावण्याची जोडणी

नागपुरात नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो आणि जुलैच्या सुरुवातीला सातच्या सुमारास, म्हणजे सूर्यास्ताची वेळ वर्षभरात दीड तासाने सरकते. त्यामुळे फाटकावरच्या दिव्याला साधा टायमर लावला, तर उन्हाळ्यात तो भर उजेडात दिवा लावतो आणि हिवाळ्यात घरी परतणाऱ्याला अंधारात कुलूप चाचपायला लावतो. ईएसपी३२ हा प्रोग्राम घालता येणारा, वाय-फाय असलेला छोटा बोर्ड, त्याच्या इशाऱ्यावर दिव्याची वीज जोडणारे-तोडणारे एक रिले मॉड्यूल आणि प्रकाशानुसार रोध बदलणारा एलडीआर एवढ्या सामानात ही अडचण दूर होते. हे सुटे भाग बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, सहज मिळतात.

एलडीआरचे एक टोक बोर्डाच्या ३.३ व्होल्टच्या पिनला जोडावे, दुसरे टोक ३४ क्रमांकाच्या पिनला जोडावे आणि तिथूनच १० किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडला न्यावा. उजेड वाढला की या पिनवरचे वाचन वाढते, अंधारात ते खाली येते आणि त्याची व्याप्ती ० ते ४०९५ अशी असते. ३४ ही पिन मुद्दाम निवडली आहे, कारण वाय-फाय चालू असताना या बोर्डाच्या दुसऱ्या एडीसी (व्होल्टेजचा आकडा करून देणाऱ्या) गटातील पिनांवर वाचन घेता येत नाही आणि ३४ पहिल्या गटात येते. रिलेसाठी २६ क्रमांकाची पिन वापरावी. बाजारातील बरीच रिले मॉड्यूल पिन शून्यावर गेली की चालू होतात. म्हणून प्रोग्रामच्या सुरुवातीला आधी पिन उच्च पातळीवर ठेवावी आणि मगच ती आउटपुट म्हणून जाहीर करावी, म्हणजे वीज परत येताना दिवा उगाच लुकलुकत नाही. मॉड्यूल घेताना ते ३.३ व्होल्टच्या संकेतावर नीट बंद होते की नाही, हे दुकानदाराला विचारून घ्यावे. केवळ ५ व्होल्टच्या संकेतासाठी बनवलेले काही रिले अशा वेळी सुटतच नाहीत.

आता या कामातील सर्वांत नाजूक भाग, म्हणजे सेन्सरची जागा. पहिल्या खेपेला मी एलडीआर पोर्चच्या दिव्याच्या अगदी खाली बसवला होता. अंधार पडताच दिवा लागला, त्याचाच उजेड सेन्सरवर पडला, बोर्डाला सकाळ झाल्यासारखे वाटले आणि दिवा विझला. मग पुन्हा अंधार, पुन्हा दिवा. शेजारच्या काकूंनी कंपाउंडच्या भिंतीपलीकडून विचारले, “लग्नाची रोषणाई करून राहिले का?” दुसऱ्या दिवशी एलडीआर काळ्या प्लास्टिकच्या बोटभर नळीत घालून, आपला दिवा आणि रस्त्यावरचा खांब दोन्ही दिसणार नाहीत अशा बेताने, उत्तरेच्या आकाशाकडे तोंड करून बसवला, तेव्हा हा खेळ थांबला. उत्तरेकडे तोंड असल्याने थेट ऊनही त्यावर फारसे पडत नाही.

जागा पक्की झाल्यावर तीन-चार संध्याकाळी सिरियल मॉनिटरवर (बोर्ड पाठवत असलेले आकडे दाखवणाऱ्या संगणकावरच्या खिडकीत) वाचने पाहून ती वहीत टिपावीत आणि दिवा हवासा वाटला तेव्हा कोणता आकडा होता, त्यावर खूण करावी. माझ्याकडे तो ६०० च्या आसपास निघाला. तुमच्याकडे तो वेगळा असेल. दिवा लावण्याचा आणि विझवण्याचा आकडा एकच ठेवू नये. ६०० च्या खाली गेल्यावर लावावा आणि ११०० च्या वर गेल्यावरच विझवावा, शिवाय दोन्ही वेळा वाचन सलग तीन मिनिटे टिकले तरच निर्णय घ्यावा. एखादा ढग किंवा वळणाऱ्या गाडीचा झोत यांमुळे मग दिवा फसत नाही. मृगाआधीच्या वादळात दुपारी चारलाच अंधारून आले आणि दिवा लागला, तर माझ्या मते त्यात काही बिघडत नाही.

बागेतील दिवे रात्री ११ वाजता बंद करायचे असतील, तर घड्याळ लागते. वाय-फायवरून एनटीपी सर्व्हरकडून, म्हणजे इंटरनेटवर अचूक वेळ पुरवणाऱ्या संगणकाकडून, वेळ घेता येते. ही वेळ जागतिक प्रमाणवेळ असते, म्हणून भारतीय वेळेसाठी फरक १९,८०० सेकंद (साडेपाच तास) द्यावा. मात्र वादळात वीज जाऊन परत आली की राउटर सुरू व्हायला वेळ लागतो आणि तोवर बोर्डाच्या लेखी १९७० साल असते. म्हणून वर्ष २०२० च्या आधीचे दिसत असेल, तर घड्याळाकडे दुर्लक्ष करून केवळ एलडीआरवर चालावे, अशी अट प्रोग्राममध्ये घालावी. डीएस३२३१ हे बटणसेलवर चालणारे घड्याळ जोडले, तर हा प्रश्नच उरत नाही.

२३० व्होल्टची बाजू परवानाधारक वायरमनकडूनच जोडून घ्यावी. एमसीबी पाडून टेस्टरने खात्री केल्याशिवाय पेटीत हात घालू नये. रिलेमधून नेहमी फेज न्यावी, न्यूट्रल नव्हे. न्यूट्रल तोडल्यास दिवा विझलेला दिसतो, पण होल्डरमध्ये फेज राहतेच. जुने बटण काढून टाकू नये, ते रिलेच्या संपर्कांना समांतर ठेवावे, म्हणजे बोर्ड बिघडला तरी दिवा हाताने लावता येतो. बोर्डासाठीचा ५ व्होल्टचा पुरवठा मात्र बटणाच्या आधीच्या फेजवरून घ्यावा.

सगळी जोडणी आयपी६५ दर्जाच्या (धूळ आणि पाण्याचे फवारे आत न येणाऱ्या) पेटीत बंद करून पोर्चच्या सावलीत लावावी, कारण मे महिन्यात येथील पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि उन्हातील बंद पेटी त्याहून बरीच तापते. वायरी पेटीच्या खालच्या बाजूने ग्लँडमधून (वायरीभोवती घट्ट बसणाऱ्या बुचातून) आत घ्याव्यात आणि रिकामे राहिलेले प्रत्येक भोक बुजवावे. माझ्याकडे एक भोक उघडे राहिले होते. पावसाळा संपल्यावर पेटी उघडली, तर कुंभारीण माशीने रिलेच्या टर्मिनलवर मातीचे नीटस घर बांधलेले होते.