मुलगा खर्चाला देत नाही? आधी हिशेब, मग अर्ज

मुलाविरुद्ध कचेरीत जायचं म्हणजे घराण्याची अब्रू चव्हाट्यावर आणायची, असं आमच्या इंदूरच्या रामबागेत अजूनही मानतात. माझी सगळी नोकरी तहसिलीत गेली. त्यामुळे शेजारपाजारच्या म्हाताऱ्यांचे अर्ज लिहून द्यायचं काम आपसूकच माझ्याकडे येतं. अर्ज घेऊन येणारे तासभर सुनेबद्दल बोलतात. मी ऐकून घेते, पण त्यातलं एक अक्षर कागदावर उतरवत नाही. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या भरण-पोषण कायद्यात 'मुलं' म्हणजे मुलगा, मुलगी आणि सज्ञान नातवंडं. सून त्यात नाही.

आधी वहीचं एक पान घ्या. डावीकडे महिन्याचा खर्च लिहा: दूध १,८००, किराणा-भाजी ४,०००, बीपी-शुगरच्या गोळ्या २,६००, वीज आणि गॅस १,६००, कामवाली १,५००. झाले ११,५००. उजवीकडे आवक: पेन्शन, व्याज, खोलीचं भाडं, मिळून समजा ५,०००. यातलं काही लपवू नका, पोराला तुमचं खातं कुठल्या बँकेत आहे ते चांगलं ठाऊक असतं. उरली तूट ६,५००. तीच तुमची मागणी. 'मुलाने आमच्याकडे लक्ष द्यावे' असं लिहिलंत तर तो पेशीला, म्हणजे सुनावणीला, येऊन 'देतो की साहेब' म्हणेल आणि तुम्ही रिकाम्या हाताने घरी याल. 'दरमहा ६,५०० रुपये, ५ तारखेच्या आत, माझ्या बँक खात्यात' असं स्पष्ट लिहा. मूळ कायद्यात महिन्याची कमाल मर्यादा १०,००० ठेवली आहे. मेडिकलची बिलं आणि पासबुकाची झेरॉक्स सोबत लावा.

अर्ज एसडीएमकडे, म्हणजे उपविभागाच्या अधिकाऱ्याकडे जातो. या कायद्याखाली निकाल देणारं जे अधिकरण असतं, त्याचे तेच प्रमुख. हिंदीत लिहा, साध्या कागदावर चालतो. आईवडिलांना वयाची अट नाही. मूलबाळ नसलेल्यांचं वय मात्र साठ पूर्ण हवं, आणि त्यांची इस्टेट ज्याच्या ताब्यात आहे किंवा पुढे ज्याला मिळणार आहे त्या नातेवाइकाकडून त्यांना मागता येतं. स्वतः जाणं होत नसेल तर दुसऱ्या कुणाला अधिकार लिहून द्या. मुलगा पुण्यात असतो (इंदूरच्या मराठी घरात तो बहुधा पुण्यातच असतो) म्हणून पुण्याला जायची गरज नाही. तुम्ही राहता तिथेच अर्ज करता येतो.

अर्जाच्या शेवटी एक ओळ लोक हमखास विसरतात: निकाल लागेपर्यंत अंतरिम (तात्पुरती) रक्कम मिळावी. कायदा म्हणतो नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल, फार तर आणखी ३०. तोवर गोळ्या कशाने आणणार? ती ओळ लिहाच. मुलगा मुद्दाम नोटीस टाळत असेल तर त्याच्या गैरहजेरीतही सुनावणी पुढे चालते. कचेरीत दाद लागली नाही तर मंगळवारी मोती तबेल्याला कलेक्टर कचेरीत जनसुनवाई असते, म्हणजे कलेक्टर लोकांच्या तक्रारी ऐकतात, तिथे अर्ज द्या. कुणाशी नुसतं बोलायचं असेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे.

आता घराचं. रजिस्ट्री मुलाच्या नावे करून दिली आणि महिन्याभरात चहासुद्धा मागून घ्यावा लागतो, अशी माणसं माझ्याकडे सगळ्यात जास्त येतात. त्यांच्यासाठी याच कायद्याचं कलम २३ आहे. सांभाळायच्या अटीवर घर दिलं असेल आणि मुलगा सांभाळत नसेल, तर अधिकरण ते दानपत्र रद्द ठरवू शकतं. पण अट दिसली पाहिजे, असं सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच मध्यप्रदेशातल्या एका आईचं प्रकरण तिथवर गेलं. मुलाने सांभाळायचं वेगळं वचनपत्र लिहून दिलं होतं. कोर्टाने ते दानपत्रासोबत वाचलं, दानपत्र रद्द केलं आणि घराचा ताबा आईला द्यायला लावला. म्हणून रजिस्ट्री करायचीच असेल तर 'आजन्म सांभाळ आणि औषधपाणी करण्याच्या अटीवर' हे शब्द दानपत्रातच घालून घ्या, मुलगा कितीही गुणी असो. मला विचाराल तर दानपत्र नकोच. मृत्युपत्र करा, ते हयातीत केव्हाही बदलता येतं.

आदेश जाहीर झाल्यापासून ३० दिवसांत पैसे जमा व्हायला हवेत. मुलाने अपील केलं तरी ते देणं थांबत नाही. दर महिन्याला पासबुकात नोंद करून घ्या. एखादा हप्ता चुकला तर 'देईल पुढच्या महिन्यात' म्हणत बसू नका. वसुलीच्या वॉरंटसाठी हप्ता देय झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो, नाहीतर त्या हप्त्यासाठी वॉरंट निघत नाही.