वालावर मावा दिसला? फवारणीआधी पान उलटून पाहा

संक्रांतीच्या आगेमागे परसातल्या वालावर, पावट्यावर मावा चढतो. दोन-तीन दिवस आभाळ राहिलं की कोवळे शेंडे आणि शेंगांचे देठ काळ्या, बारीक किडींनी गच्च भरतात, खालची पानं चिकट होतात. अशा वेळी हात औषधाच्या बाटलीकडे जातो. माझं कळकळीचं सांगणं आहे, की आधी त्या शेंड्याजवळची पाच-सहा पानं उलटून पाहा. पानामागे उभी लावल्यासारखी पिवळी, लांबट अंडी पुंजक्याने दिसली तर फवारणी थांबवा. ती बहुधा ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्डची अंडी असतात. तीन-चार दिवसांत, थंडीत थोडं उशिरा, त्यातून अळ्या निघतात आणि लगेच माव्याला लागतात.

"यंदा ढालकिडे दिसतच नाहीत," असं डिसेंबरात बरेच जण सांगतात. फेब्रुवारीत त्यांच्याच बागेत ते पानोपानी असतात. ढालकिडा नेहमी माव्याच्या मागून येतो. माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्लं देते, त्यामुळे चार-आठ दिवसांत शेंडा भरतो. ढालकिड्याला मात्र अंड्यापासून भुंगा व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून सुरुवातीचे आठ-दहा दिवस मावा पुढेच राहणार. नेमकी तेव्हाच फवारणी होते. मावा पुन्हा लवकर वाढतो, ढालकिडा मात्र तितक्या लवकर परतत नाही. पुढे एप्रिल-मेच्या उन्हात मावा ओसरतो तसे ढालकिडेही पांगतात, आणि पावसाळ्यात जोराच्या सरी माव्याला धुऊन नेतात. तेव्हा या जानेवारीची तुलना गेल्या जानेवारीशीच करा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या सकाळी, त्याच पाच झाडांचे तीन-तीन शेंडे पाहून भुंगे, अळ्या, कोष वेगवेगळे वहीत मांडा. दोन-तीन हंगामांच्या नोंदी झाल्या, की आपल्या बागेत ढालकिडे खरंच घटले की नुसते उशिरा आले, हे कळू लागतं.

लाल-केशरी भुंगा सगळ्यांच्या ओळखीचा असतो. आपल्याकडे जास्त दिसतो तो पाठीवर नागमोडी काळ्या रेषा असलेला. खरी चूक होते ती अळीच्या बाबतीत. ती करड्या-काळ्या रंगाची, अंगावर पिवळे-केशरी ठिपके, सुसरीसारखी निमुळती आणि चपळ असते. ही कीड समजून लोक तिला चिरडतात. भिंग घेऊन दोन मिनिटं बसा. अळी माव्याला जबड्यात धरते, तो पाय हलवत राहतो, आणि थोड्या वेळाने त्याचं रिकामं कातडं पानावर पडतं. मोठी अळी दिवसभरात असे कितीतरी मावे संपवते.

जास्वंदीवर पिठ्या ढेकूण, म्हणजे पीठ भुरभुरल्यासारखी दिसणारी पांढरी रसशोषक कीड पडते, तिथे तर याहून मोठी फसगत होते. शेजारच्या काकू एकदा फांदी घेऊन आल्या. "पिठ्या ढेकणासाठी रोज ब्रशने घासते, पण हे मोठे पांढरे किडे पळतात हो!" पळणारे ते किडे म्हणजे क्रिप्टोलीमस या ढालकिड्याच्या अळ्या होत्या, अंगावर मेणाचे लांब पांढरे धागे, अगदी पिठ्या ढेकणासारख्या. पिठ्या ढेकूण जागेवरून फारसा हलत नाही. अळी त्याच्यापेक्षा मोठी असते आणि बोट लावलं की झपझप चालते. हा ढालकिडा ऑस्ट्रेलियातला, 1898 मध्ये कॉफीवरच्या हिरव्या खवले किडीच्या बंदोबस्तासाठी भारतात आणलेला. काकूंना घासणं थांबवायला सांगितलं, फक्त मुंग्यांचा बंदोबस्त केला. मुंग्या माव्याचा आणि पिठ्या ढेकणाचा गोड चिकटा खातात, आणि त्या बदल्यात ढालकिड्याला हुसकावून लावतात. खोडाला कापडाची पट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावा. सालीवर थेट लावू नका. फांद्या भिंतीला टेकत असतील तर छाटा, नाहीतर मुंग्या तिकडून चढतात.

एक ढालकिडा मात्र शत्रू आहे. वांग्यावरचा एपिलॅक्ना भुंगा, अठ्ठावीस ठिपक्यांचा. त्याला चकाकी नसते, अंगावर बारीक लव असते. अळी पिवळी आणि काटेरी. दोघंही पानाचा हिरवा भाग खरवडून जाळी करतात. जाळी दिसली तर भुंगे, अळ्या आणि अंडी हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाका. घरच्या दहा-वीस झाडांना औषधाची गरज नसते.

मावा फारच वाढला तर सकाळी पाण्याचा जोरदार फवारा शेंड्यावर मारा, अळ्या नसलेल्या बाजूनेच. तेवढ्याने भागलं नाही तर 50 ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर एक लिटर पाण्यात भिजवा, कापडातून पिळून घ्या, चिमूटभर साबण घाला आणि संध्याकाळी फक्त भरलेल्या शेंड्यांवर फवारा. भोगीच्या भाजीत याच वाल-पावट्याच्या शेंगा जाणार आहेत, तेव्हा रासायनिक कीटकनाशक परसात नकोच. मावा फुगून तपकिरी, कागदासारखा झालेला दिसला तर तो शेंडा तसाच राहू द्या. त्याच्या पोटात परोपजीवी गांधीलमाशी वाढत असते. केसासारख्या देठावर टांगलेली अंडी क्रायसोपाची, म्हणजे ज्याच्या अळ्या मावा खातात त्या किड्याची, तीही जपा.

कोथिंबीर आणि शेपूची चार-पाच झाडं फुलावर येऊ द्या, भुंग्यांना परागकण मिळतात. बांधावरची रुई तर तोडूच नका. तिच्यावरचा पिवळा मावा भाजीपाल्यावर येत नाही, पण परसात मावा नसतो तेव्हा ढालकिड्यांना तिथे खाणं मिळतं. उन्हाळ्यात मी ढालकिडे शोधायला रुईकडेच जाते.

आणि फाल्गुनात वालाचे वेल काढाल तेव्हा ते लगेच जाळू नका, खड्ड्यातही टाकू नका. पानांना चिकटलेले केशरी कोष अजून उघडायचे असतात. वेल आठवडाभर कुंपणाच्या सावलीत पसरून ठेवा, भुंगे निघून गेले की खताला घ्या.