गोव्याचं विमान पकडताना अंतर आणि वेळेच्या या चुका टाळा

मुंबई-गोवा हवाई अंतर किती, असं विचारलं की उत्तर येतं सव्वाचारशे किलोमीटर. आकडा बरोबर आहे, पण तो दाबोळी विमानतळाचा. गोव्याचा दुसरा विमानतळ, मोपा, उत्तरेला पेडण्यात आहे. तिथलं अंतर ३९०च्या आसपास भरतं. आकाशात या फरकाने दोन-तीन मिनिटं वाचतात. जमिनीवर मात्र दोन्ही विमानतळांमध्ये साठ-सत्तर किलोमीटरचा रस्ता आहे आणि खरा घोळ तिथेच होतो.

५ जानेवारी २०२३पासून मोपाहून विमानं सुटू लागली. तेव्हापासून तिकिटावर नुसतं ‘गोवा’ वाचून भागत नाही. दाबोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स. सवयीने दाबोळीला पोचलात आणि तिकीट निघालं मोपाचं, तर टॅक्सीला दीड तास तरी धरा. बोर्डिंग पासचा काउंटर साधारण तासभर आधीच बंद होतो. अशा वेळी आंधळेपणाने गाडी पळवण्याआधी त्याच कंपनीचं इथून पुढचं विमान बदलून मिळतं का, ते विचारा. आणि पाचशे रुपये स्वस्त म्हणून पार दक्षिणेकडच्या काणकोणच्या माणसाने मोपाचं तिकीट काढायचं आणि टॅक्सीला त्याच्या कितीतरी पट मोजायचे, हा व्यवहार मला तरी कळत नाही. पेडणे, डिचोली, म्हापसा, पलीकडचं बांदा-सावंतवाडी यांनी मात्र आधी मोपाच बघावं.

दुसरी चूक भागाकाराची. विमान तासाला आठशे किलोमीटर जातं, म्हणजे गोवा अर्ध्या तासात! मग तिकिटावर सव्वा तास का? कारण ती वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर थांबेपर्यंतची असते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते आणि रांग लागते. एवढ्या कमी अंतरात विमान वर चढून जरा सरळ होतंय तोच उतरायला लागतं. पूर्ण वेग मिळतो तो थोडाच वेळ. शिवाय कंपन्या वेळ थोडी सैलच धरतात, म्हणून कधीकधी ‘वीस मिनिटं लवकर पोचलो’ असं होतं. त्या भरवशावर पुढची ट्रेन मात्र गाठायला जाऊ नका.

आखातात नोकरीला असणाऱ्यांच्या घरी वजाबाकी चुकते. दुबईहून रात्री दहाला निघालेलं विमान इथे अडीचला उतरतं. घड्याळात साडेचार तास, प्रवास तीन तासांचा. दुबई आपल्या दीड तास मागे आहे. जाताना उलटं: इथून सकाळी दहाला सुटून तिथे बाराला पोचलं, तरी विमानात साडेतीन तास जातात. तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. आणि अडीच वाजता म्हणजे तारीख बदललेली. १४ला रात्री निघालेल्या माणसाला आणायला १५च्या रात्री जाऊन उभे राहणारे आहेत! तशीच १५ तारखेची रात्री १२.४०ची फ्लाइट असेल, तर घरातून १४लाच निघायचं.

अंतराच्या तक्त्यात मुंबई-दाबोळी २२९ दिसलं तर ते सागरी मैल, १.८५२ने गुणा, ४२४ किलोमीटर येतात. २६३ दिसलं तर साधे मैल.