मधला आवाज: वेस्ट विंडसरच्या शाळेतली सात वर्षं

जून २०१२ मध्ये आम्ही डोंबिवलीहून न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरला राहायला आलो. नवऱ्याचं ऑफिस न्यूयॉर्कमध्ये आणि प्रिन्स्टन जंक्शनवरून गाडीनं साधारण तासाभरात पेन स्टेशन येतं, ही सोय होतीच. पण घर इथे बघितलं ते शाळेसाठी. लेक तेव्हा सहावीत जाणार होती. २०१९ च्या जूनमध्ये ती बारावी करून बाहेर पडली. या सात वर्षांत मला जे समजलं, ते नव्यानं येणाऱ्या आईबापांना आधी कळावं असं मनापासून वाटतं, म्हणून लिहिते आहे.

इथली पब्लिक स्कूल म्हणजे सरकारी शाळा. फी नाही, डोनेशन नाही, प्रवेश परीक्षा नाही. तुम्ही कुठे राहता यावर शाळा ठरते. भाड्याचं घर असलं तरी चालतं, फक्त भाडेकरार आणि विजेचं बिल दाखवावं लागतं. वेस्ट विंडसर आणि प्लेन्सबरो या दोन गावांचा मिळून एक शालेय जिल्हा आहे. त्यात हायस्कूल दोन: १९७३ चं साउथ आणि १९९७ चं नॉर्थ. आपल्या पत्त्याला कोणतं लागतं ते करारावर सही करण्याआधी विचारून घ्या.

निघण्यापूर्वी मुलांच्या लसीकरणाचं कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा. भारतातून आलेल्या मुलांची इथे टीबीची तपासणी होते, आणि आपल्याकडे जन्मतः बीसीजी दिलेली असल्यामुळे हातावरची चाचणी कधीकधी फुगून येते. घाबरायचं काही कारण नसतं. रक्ताची चाचणी किंवा एक्स-रे झाला की विषय मिटतो, पण त्यात आठवडा जातो. ऑगस्टच्या शेवटी धावपळ नको असेल तर हे जुलैतच उरका.

अभ्यासाची रचना सुरुवातीला डोक्यावरून गेली. सायन्स, कॉमर्स असं इथे काही नाही. नववी ते बारावी चार वर्षांत १२० क्रेडिट पुरे करायचे, ही राज्याची अट. त्यात इंग्रजी २०, गणित, विज्ञान आणि सोशल स्टडीज प्रत्येकी १५, दरवर्षी पीटी, परकी भाषा ५ आणि कलेचे ५. वर्षभर रोज असणारा विषय साधारण ५ क्रेडिटचा. म्हणजे ऑर्केस्ट्रा, बँड किंवा कॉयर (समूहगान) एक वर्ष केलं की कलेची अट संपली. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं रामायण इथेच घडतं.

सहावीच्या पहिल्या आठवड्यात लेक वाद्य निवडायचा कागद घेऊन घरी आली. डोंबिवलीत ती हार्मोनियम आणि गाणं शिकत होती, गांधर्वच्या पहिल्या दोन परीक्षा झाल्या होत्या. मला वाटलं, हिचं संगीत तर पुढेच आहे. प्रत्यक्षात ती मागे होती. इथली बरीच मुलं चौथी-पाचवीतच व्हायोलिन नाहीतर क्लॅरिनेट हातात घेतात, आणि सहावीत पोचेपर्यंत समोरचं नोटेशन झरझर वाचतात. लेकीचं सगळं शिक्षण कानानं झालेलं. गुरुजी म्हणायचे, ही तसंच्या तसं म्हणायची. कागदावर पाच रेघा आणि त्यांवर काळे ठिपके बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

तिनं व्हायोला घेतला. व्हायोलिनपेक्षा थोडा मोठा, आवाज जाड. शाळेच्या ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवणारी मुलं कायम कमी असतात, त्यामुळे उशिरा आलेल्या मुलाला तिथे आनंदानं जागा करून देतात. वाद्य विकत घेऊ नका, महिन्याच्या भाड्यानं घ्या. मूल वाढतं तसं माप बदलावं लागतं, आणि बऱ्याच दुकानांत भरलेल्या भाड्यातला काही भाग पुढे खरेदीत वळता होतो. हे मला आमच्या दुकानातल्या आजोबांनी सांगितलं नसतं, तर मी पहिल्याच दिवशी मोठी रक्कम घालवून बसले असते.

दोन महिने सूर नुसता चिरकत होता. मग एका रविवारी ती हार्मोनियम काढून बसली. व्हायोलाची सर्वांत खालची तार म्हणजे सी, म्हणजे आपली पांढरी एक. तिनं तोच सा धरला आणि शाळेत शिकवलेली 'जी मेजर' नावाची स्केल, म्हणजे ओळीनं सात स्वर, त्यावर लावून बघितली. स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "आई, यात सगळे स्वर शुद्ध आहेत, फक्त मध्यम तीव्र आहे. हा तर कल्याण थाट!" शाळेत 'जी मेजर'ची सुरुवात वेगळ्या स्वरावरून, म्हणजे तिच्या पंचमावरून करतात, एवढाच फरक. त्या दिवसापासून पाच रेघांची भीती गेली. घरी जे शिकवलं ते वाया जात नाही. फक्त दोन्हींमधला पूल मुलाला स्वतः सापडेपर्यंत थांबावं लागतं.

ती नववीत गेली त्या वर्षी, २०१५ च्या ऑक्टोबरात, शालेय जिल्ह्याचे प्रमुख, म्हणजे सुपरिंटेंडेंट, डेव्हिड एडरहोल्ड यांचं सोळा पानी पत्र पालकांना आलं. आदल्या वर्षी मिडल स्कूल (सहावी ते आठवी) आणि हायस्कूलच्या १२० मुलांना मानसिक तपासणीसाठी पाठवण्याची शिफारस करावी लागली होती, त्यांतल्या ४० जणांना हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं होतं. हे आकडे मी दोनदा वाचले. ही आमच्या गल्लीतली, मुलीच्या बसमधली मुलं होती.

त्या सुमाराला बरंच बदललं. हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा बंद झाल्या. काही रात्री गृहपाठ द्यायचा नाही असं ठरलं. चौथी-पाचवीतल्या प्रगत गणिताच्या वेगळ्या वर्गाला कात्री लागली. आणि संगीतात एक गोष्ट आली, जिचं नाव मला आजही फार आवडतं: 'राइट टु स्क्वीक', म्हणजे चिरकण्याचा हक्क. वाद्य नीट वाजवता येत नसलेल्या मुलालाही संगीतात सहभागी होता यावं, एवढाच अर्थ. पालकांत सरळ दोन तट पडले. आशियाई पालकांपैकी अनेकांना वाटलं, आपण घरदार सोडून आलो ते चांगल्या अभ्यासासाठी, आणि इथे तोच पातळ करतायत. मीही तेव्हा त्याच बाजूला होते, हे प्रामाणिकपणे सांगते. आपण ज्या चढाओढीतून वर आलो, तीच मुलांना तारणार असं वाटणं स्वाभाविक आहे. पण ते ४० जण कुणाचे तरी होते, हे माझ्या डोक्यात उशिरा उतरलं.

त्याच हिवाळ्यात दहावीचे विषय निवडायचा फॉर्म आला. दिवसाचे पिरियड मोजके. ऑर्केस्ट्रा ठेवला तर एका एपीला जागा राहत नव्हती. एपी म्हणजे कॉलेजच्या पातळीचा विषय, मे महिन्यात परीक्षा, १ ते ५ गुण. त्यात आणखी एक मेख: अनेक शाळांत एपीला जीपीएत, म्हणजे सगळ्या विषयांच्या गुणांच्या सरासरीत, जास्त वजन असतं आणि ऑर्केस्ट्राला साधं. म्हणजे ऑर्केस्ट्रात पैकीच्या पैकी मिळवले तरी सरासरी खाली येते. कलेचे ५ क्रेडिट तर नववीत पुरे होणारच होते. मी लेकीला म्हटलं, आता व्हायोला बास. ती काही बोलली नाही. मी सही करून टाकली.

घरी तिची प्रॅक्टिस ऐकून मला तसं वाटणं साहजिकही होतं. एकच स्वर आठ वेळा, मग दुसरा चार वेळा, मग बराच वेळ नुसतं मोजत बसणं, मग पुन्हा तोच स्वर. महिनोन्‌महिने हेच. आपल्या कानाला गाणं म्हणजे एक गाणारा आणि त्याची पुढे पुढे जाणारी सुरावट. मला वाटायचं, हिला तीन वर्षांत एक चालसुद्धा वाजवता येत नाही.

मेमध्ये कॉन्सर्ट होता. काळ्या कपड्यांतली ती सगळी मुलं बसली, वाद्यं एका सुरात लावली आणि सुरू झालं. व्हायोलिन वरून धून घेऊन निघाली, चेलो खाली. आणि मध्येच मला आमच्या दिवाणखान्यातला तो स्वर ऐकू आला. आठ वेळा. त्याच्यावर वरची धून टेकलेली होती. तो बदलला तसा सबंध हॉलचा रंग बदलला, उजेडावरून ढग सरकावा तसा. मग ती थांबली आणि मोजत बसली, तर त्या जागी खरोखरच काहीतरी काढून घेतल्यासारखं वाटलं. घरी जे अर्धवट वाटत होतं ते अर्धवटच होतं. उरलेलं बाकीच्या मुलांकडे होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या काउन्सेलरला, म्हणजे विषय निवडायला मदत करणाऱ्या सल्लागाराला, मेल केली आणि फॉर्म बदलून घेतला. मे उजाडला म्हणजे उशीर झाला असं समजू नका, विचारून बघा. मात्र मेल मुलाला लिहू द्या. काउन्सेलरशी बोलायचं काम मुलांनी करावं अशीच इथे अपेक्षा असते, आणि आपण मध्ये पडलो की त्यांचा शब्द हलका होतो. मी स्वतः लिहिली, कारण चूक माझी होती.

एपी किती घ्यावेत, हा प्रश्न मला दर गणपतीला चार जण तरी विचारतात. मी आकडा सांगत नाही. मुलाला रात्री किती वाजता झोप मिळते ते बघा आणि त्यावरून ठरवा. लेकीनं अकरावीत दोन घेतले, बारावीत तीन. बारावीतला एक होता एपी म्युझिक थिअरी, आणि गाणं शिकलेल्या प्रत्येक मराठी मुलानं त्याचा विचार करावा असं मी आग्रहानं सांगेन. त्यात ऐकलेले स्वर लिहून काढायचे असतात आणि कागदावरचे स्वर बघून गायचे असतात. स्वर कोणत्या नावानं म्हणायचे याची सक्ती नाही. लेक सारेगमनं गायली.

राज्यात उत्तर, मध्य आणि दक्षिण अशा तीन विभागांच्या ऑर्केस्ट्रांसाठी ऑडिशन होतात, आणि त्यांच्याही वर ऑल-स्टेट, म्हणजे सबंध राज्याचा ऑर्केस्ट्रा. एक तयार केलेला तुकडा, स्केल्स आणि आयत्या वेळी समोर ठेवलेलं नोटेशन असा साधारण मामला. लेक दोनदा बसली, दोनदा निवड झाली नाही. मुलाची इच्छा असेल तर जरूर बसू द्या, पण कॉलेजच्या अर्जात ओळ वाढावी म्हणून ढकलू नका. वाद्य महिन्याभरात त्याच्या हातून सुटतं, हे मी ओळखीच्या तीन घरांत पाहिलंय.

एच-४ वर, म्हणजे एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्यांच्या जोडीदाराला आणि मुलांना मिळणाऱ्या व्हिसावर, असलेल्यांसाठी दोन वेगळ्या गोष्टी. मुलांना पगारी काम करता येत नाही, त्यामुळे सुट्टीतल्या नोकरीऐवजी वाचनालयात किंवा मंडळाच्या मराठी शाळेत स्वयंसेवक म्हणून पाठवा. आणि कॉलेजसाठी केंद्र सरकारची आर्थिक मदत मिळत नाही, तेव्हा पैशाचं गणित नववीतच मांडा, बारावीत नको.

शक्य असेल तर स्वतःही शाळेत जात राहा. कॉन्सर्टच्या आधी खुर्च्या लावायला, वाद्यं उचलायला, खाऊच्या टेबलावर उभं राहायला पालक लागतातच. माझं इंग्रजी बोलणं तिथेच सुटलं, आणि शिक्षकांना आपलं मूल नावानं ठाऊक होतं ते वेगळंच.

शेजारी यंदा नाशिकचं कुटुंब राहायला आलंय. मुलगा सहावीत, त्यानं क्लॅरिनेट घेतलंय. रोज संध्याकाळी सातच्या सुमारास भिंतीपलीकडून ते चिरकायला लागतं. परवा त्याची आई डबा परत द्यायला आली आणि म्हणाली, "ताई, तुम्हाला त्रास होत असेल ना, मी त्याला बेसमेंटमध्ये बसायला सांगते." मी म्हटलं, नको, वरच बसू दे. मग तिला आत बोलावलं आणि कपाटातून लेकीच्या सहावीतली नोटेशनची वही काढून दिली. प्रत्येक ठिपक्याखाली तिनं पेन्सिलीनं सा, रे, ग लिहिलेलं आहे.